सहावी चिठ्ठी

विषय क्र. १ : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
*वाचण्यात आले. सर्वानुमते कायम.*

वाचण्यात कधीच काही येत नसे. मठसांगवीच्या ग्रामपंचायतीचं रजिस्टर वीस वर्षं शिपायाच्या काखेतून घरोघर फिरत आलं होतं. उमादेवीच्या सहीसाठी ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत यायचं. कायद्यानं पंचायतीत दोन बायका लागतात, म्हणून सासऱ्यांनी, सरपंच माणिकप्पांनी, थोरल्या सुनेचं नाव टाकून दिलं होतं. निवडणूक अशी गावानं बघितलेलीच नव्हती. फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी सगळे मठात जमायचे, पिंडीवरचा बेल हातात घेऊन अप्पांना शब्द द्यायचे, आणि नऊच्या नऊ सदस्य बिनविरोध. उमादेवी कणकेचे हात पुसून सही करायची. उदगीरला सातवीपर्यंत शिकलेली, अक्षर वळणदार. अप्पा चारचौघांत त्या अक्षराचं कौतुक करायचे.

पंचायतीतल्या बुद्धवस्तीच्या सदस्याची, व्यंकटीची, आई भामाबाई गेली, त्याच्या तिसऱ्या दिवशी उमादेवीनं रजिस्टरचं पान पहिल्यांदा मागं उलटलं.

लातूर जिल्हा होऊन नऊ महिने झाले होते. कलेक्टर कचेरी उस्मानाबादेहून जवळ आली, साहेबांच्या जीपा धुरळा उडवत गावोगाव दिसू लागल्या, दोन दिवसांआड टँकर येऊ लागला. जिल्हा नवा झाला हे पावसाला तेवढं कुणी कळवलं नव्हतं. टँकर मठाच्या आडात रिकामा व्हायचा. मठाच्या आडावर बुद्धवस्तीतल्या बायका चढत नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. त्यांनी आपल्या घागरी चौथऱ्याखाली मांडायच्या आणि वरचं कुणी ओतील त्याची वाट बघायची. त्या दिवशी भामाबाई सकाळी आठला येऊन बसली. उमादेवीनं तिला माळवदावरून बघितलं होतं. शेंगा वाळत घालताना बघितलं, शेंगा हलवायला गेली तेव्हा बघितलं. ओतील कुणीतरी, असं म्हणून ती खाली आली. दीड वाजता म्हातारी बसल्या जागी कलंडली ती उठली नाही. घागर कोरडीच होती.

रजिस्टरात लिहिलं होतं: टँकरचे पाणी मठाच्या आडात सोडावे. सूचक : श्री. वीरभद्र. अनुमोदक : सौ. उमादेवी मलप्पा. ठराव सर्वानुमते मंजूर.

खाली तिची सही होती, वळणदार.

विषय क्र. २ : सरपंचांवरील अविश्वास ठरावाच्या नोटिशीवर विचार करणे.
*(हा विषय रजिस्टरात नाही. तो माणिकप्पांच्या सोप्यावर निघाला.)*

नोटीस तहसीलदारांकडं गेली होती आणि खाली सहा सह्या होत्या. नवांपैकी सहा म्हणजे बरोबर दोन तृतीयांश. एकही सही कमी नाही की जास्त नाही.

दुपारी सगळे जेवून सोप्यावर बसले. धाकटा दीर गुरुलिंग मुद्दाम लातूरहून आला होता. नव्या कचेरीत कारकून लागल्यापासून तो कायद्याच्या कलमांत बोलायचा. थोरला मलप्पा, उमादेवीचा नवरा, अहमदपूरच्या मार्केट यार्डात आडत चालवायचा. त्याला एकच कळत होतं, की बापाचा अपमान झालाय. ठराव आणणारा सदस्य निवृत्ती कोण, तर रेशनचं रॉकेल अहमदपुरात काळ्यानं विकणारा माणूस. अप्पांनी बाहत्तरच्या दुष्काळात पेवं उघडली होती, वस्तीलासुद्धा मापानं ज्वारी दिली होती. शाळा त्यांनी आणली, सडक त्यांनी आणली. आता त्याच वस्तीचा व्यंकटी निवृत्तीच्या मागं सही करतो, यावर मलप्पा पुन्हा पुन्हा येत होता.

अप्पांना रागापेक्षा नवल वाटत होतं. वीस वर्षांत त्यांना कुणी न्हाई म्हटलं नव्हतं, आणि त्याचा अर्थ त्यांनी एकच लावला होता.

"सह्या करणाऱ्यांतला दगडोबा फुटतो," गुरुलिंग म्हणाला. "त्याच्या पोराला आमच्या कचेरीत शिपाई म्हणून घ्यायचं मी बोललोय. काल मठात येऊन बेल उचलून गेला. पण हात वर करायची पाळी आली तर निवृत्तीसमोर त्याला धीर होणार न्हाई. म्हणून आपणच मागायचं, मतदान गुप्त पाहिजे."

"गुप्त?" अप्पांना तो शब्दच आवडला नाही. "चोरासारखं?"

"दगडोबासाठी, अप्पा. पाच विरुद्ध चार. ठराव पडला."

सासूनं, नीलम्मानं, आतून सुपारी पाठवली. ती देताना उमादेवीनं हिशोब मनातल्या मनात केला. अप्पांकडं चार मतं कुठली? अप्पा, वीरभद्र, दगडोबा. चौथं कुणाचं, हे कुणी म्हणालंच नाही. कुणी तिच्याकडं बघितलंही नाही. सुपारीचं तबक जसं घरातलं, तसं ते मत घरातलं.

विषय क्र. ३ : दुखवटा.

दहाव्या दिवशी ती वस्तीत गेली. भरदुपारी, डोक्यावरून पदर घेऊन, लग्नानंतर पंधरा वर्षांत पहिल्यांदा. घरी मठात जाते म्हणून सांगितलं होतं.

व्यंकटीच्या बायकोनं, पंचशीलानं, तिला बाजेवर बसवलं आणि स्वतः उभीच राहिली. घरात प्यायला पाणी नव्हतं, म्हणून तिनं विचारलंही नाही. भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोखाली भामाबाईची घागर पालथी घातली होती. उमादेवीनं रजिस्टरचं सांगितलं. अनुमोदक मीच होते, मला ठाऊक नव्हतं, असं ती म्हणाली. ते बोलून झाल्यावर आपण इथं काय मागायला आलो, हे तिचं तिलाच कळेना.

"ठाऊक नव्हतं हे खरंच हाय," पंचशीला म्हणाली. "पर वैनी, तुमच्या माळवदावरनं आडाचा चौथरा दिसतो."

व्यंकटी दारात चपलेचा अंगठा शिवत बसला होता. उमादेवीनं त्याला विचारलं, निवृत्ती कसा आहे हे माहीत असून सही कशी दिली. तो मान वर न करता हसला.

"निवृत्ती चोर हाय. आमच्या वाटचं रॉकेल त्यानंच विकलंय."

"मग?"

"अप्पा चांगला माणूस. त्येंच्यापुढं तोंड उघडलं की आपणच हलकट ठरतो. ज्वारी दिल्याली आठवते, मग जीभ उचलत न्हाई. माझी माय आडावर बसायची तवा मी पंचायतीतच होतो की. सही करत होतो." त्यानं दोरा दातानं तोडला. "चोराला काढायला लाज वाटत न्हाई, वैनी. आज अप्पांना काढता आलं तर उद्या त्याला काढता यील. न्हाई आलं, तर आमी आपलं चांगल्या माणसाच्या चांगुलपणावर जगायचं. मायवानी."

निघताना पंचशीला तिला वस्तीच्या कडेपर्यंत पोचवायला आली. तिथं रोजगार हमीतून बांधलेला सिमेंटचा हौद होता. दोन वर्षांत त्यात पाणी पडलेलं नव्हतं. तळाशी शेळ्यांच्या लेंड्या.

"तुमी आमाला मत द्या म्हणून मी म्हणणार न्हाई," पंचशीला म्हणाली. "तुमाला त्याच घरात भाकरी करायची हाय."

*

विशेष सभेच्या दिवशी सकाळी उमादेवी अंघोळ करून लिंगपूजेला बसली. गळ्यातल्या चांदीच्या करंड्यातून इष्टलिंग काढलं, डाव्या तळहातावर ठेवलं, भस्म लावलं. जन्मल्यावर गुरूनं बांधलेलं ते लिंग नवऱ्याचं नव्हतं, सासरचं नव्हतं. त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागत नाही, आणि ते तळहातावर असताना ज्याचा तो एकटा असतो. हे तिला लहानपणापासून माहीत होतं. आज पहिल्यांदाच त्याची धास्ती वाटली.

नीलम्मा येऊन समोर टेकली. असं तिनं कधी केलं नव्हतं.

"लिंग हातावर हाय तवरच बोल," ती हळू म्हणाली. "मत अप्पालाच. मला एवढं ऐकू दे, मग मी जाते."

पूजेत बोलत नाहीत. उमादेवीची नजर तळहातावर होती. नीलम्मा थोडा वेळ थांबली, मग गुडघ्यावर हात टेकून उठली.

"बरं," ती म्हणाली. "झालं."

विषय क्र. १ (विशेष सभा) : सरपंच श्री. माणिकप्पा यांच्यावरील अविश्वास ठराव.
*अध्यक्ष : मा. तहसीलदार. उपस्थिती : नऊ पैकी नऊ.*

सभा शाळेत भरली. खिडक्यांना माणसं चिकटली होती. गुप्त मतदानाची मागणी खुद्द सरपंचांनीच केल्यावर तहसीलदार चकित झाले आणि निवृत्तीनं दगडोबाकडं वळून बघितलं. दगडोबा खाली बघत होता.

फळा आडवा लावून त्याच्यामागं एक बाक ठेवला. ठरावाच्या बाजूनं असेल त्यानं चिठ्ठीवर बरोबरची खूण करायची, विरुद्ध असेल त्यानं फुली. पेन्सील एकच होती, सुतळीनं बाकाला बांधलेली. चिठ्ठ्या टाकायला बिस्किटाचा पत्र्याचा डबा होता. शाळेतल्या बाई तो खडू ठेवायला वापरायच्या.

एकेकजण आत जाऊन आला. व्यंकटी गेला तसा आला. दगडोबाला आत फार वेळ लागला. अप्पा ताठ चालत गेले, आणि बाहेर येताना त्यांनी नकळत हात जोडले, जणू देवळातून बाहेर पडत होते.

उमादेवी फळ्यामागं गेली. फळ्याच्या मागच्या बाजूला कुण्या पोरानं बे एके बे लिहून अर्धवट पुसलं होतं. तिला वाटलं होतं, इथं गेल्यावर काहीतरी कळेल, कुणाचा तरी चेहरा डोळ्यासमोर येईल. कुणाचा आला नाही. निवृत्तीचं हसणं आठवलं आणि फुली मारावीशी वाटली. अप्पांनी तिच्या बाळंतपणात अहमदपूरहून बैलगाडीत बर्फ आणला होता, तो आठवला. मग पालथी घागर आठवली. नऊ माणसं गावात कायम एकाच माणसाला होय म्हणतात, आणि त्या होयमध्ये एक म्हातारी दीड वाजेपर्यंत बसून राहते. तिनं पेन्सील घेतली. सुतळी पुरली नाही, म्हणून तिनं चिठ्ठी जवळ ओढली.

तहसीलदारांनी चिठ्ठ्या मोजल्या. पुन्हा मोजल्या.

सहा बरोबर. तीन फुल्या.

विषय क्र. ४ : (खोडलेला.)

संध्याकाळच्या आत दगडोबाला वाड्याच्या मागच्या अंगणात आणलं होतं. मलप्पा आणि वीरभद्र त्याला बखोटीला धरून घेऊन आले. गुरुलिंग कोपऱ्यात उभा राहून म्हणत होता, हाणू नका, माझ्या नोकरीचा प्रश्न हाय. दगडोबाची टोपी पडली होती.

"सहा सह्या आणि सहा मतं," मलप्पा म्हणाला. "बेल उचलून गेलास ना रे? पोराच्या नोकरीचा शब्द घेतलास ना?"

"फुली मारली," दगडोबा म्हणाला. "लेकराची आण. पिंडीची आण. मी फुलीच मारली मालक."

त्यावर वीरभद्र हसला. उमादेवी स्वयंपाकघराच्या खिडकीत होती. हा माणूस पंचायतीत ज्याच्या ताटात तूप त्याच्या बाजूनं बसायचा, सगळ्या गावाला ठाऊक. आयुष्यात एकदा शब्द पाळला आणि नेमकं तेव्हाच कुणी विश्वास ठेवायला तयार नाही. तिला माहीत होतं की आपण बोलायला पाहिजे. तिला हेही माहीत होतं की मत गुप्त आहे, विचारायचा कुणाला हक्क नाही, तहसीलदारांनीच सांगितलंय. ते खरंच होतं. त्या खऱ्याच्या आडोशाला ती किती वेळ उभी राहिली हे तिला नंतर कधी सांगता आलं नाही. तेवढ्या वेळात मलप्पानं कोपऱ्यातला गाडीचा खुंटा उचलला होता. तिला आवाज आला, वाळकी काठी मोडावी तसा, आणि दगडोबा हात पोटाशी धरून खाली बसला.

ती बाहेर आली.

"त्यानं शब्द पाळला," ती म्हणाली. "सहावी चिठ्ठी माझी."

मलप्पाला समजलं नाही. त्यानं तिच्यामागोमाग बाहेर आलेल्या आईकडं बघितलं. सोप्याच्या दारात अप्पा येऊन उभे राहिले होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधला असता तर सापडला नसता. वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना कुणीतरी काहीतरी सांगितलं होतं आणि ते कुठं ठेवायचं हे त्यांना कळत नव्हतं.

"सकाळी लिंगावर बोलली होतीस," मलप्पा म्हणाला. "अव्वा म्हणाली मला."

उमादेवी काही म्हणायच्या आत नीलम्मा बोलली.

"न्हाई. ती बोलली न्हवती. मीच तसं धरलं."

एवढंच. मग तिनं दगडोबासाठी हळद आणायला म्हणून पाठ फिरवली, आणि बराच वेळ ती आली नाही.

*

त्या दिवसापासून अप्पांनी उमादेवीच्या हातचं ताट घेतलं नाही. मलप्पा अहमदपूरला आडतीवर झोपू लागला. गुरुलिंगनं लातूरहून पत्र पाठवलं, त्यात वहिनीचा उल्लेख नव्हता. दगडोबाचा हात गळ्यात होता, पण त्याच्या पोराच्या नोकरीचा अर्ज गुरुलिंगकडंच पडून होता, म्हणून त्यानं पोलिसात काही दिलं नाही.

निवृत्ती सरपंच झाला. पहिला टँकर त्यानं वस्तीच्या हौदात सोडला, फेटा बांधून फोटो काढून घेतला. दुसरा टँकर त्याच्या शेतातल्या विहिरीत गेला. तिसराही.

बाराव्या दिवशी शिपाई रजिस्टर काखेत मारून उंबऱ्याशी आला. उमादेवीनं वाचलं. टँकरचे पाणी सरपंचांच्या शेतातील विहिरीत साठवून तेथून वाटप करावे. सर्वानुमते. चार सह्या आधीच झाल्या होत्या.

"सही करत न्हाई," ती म्हणाली. "सभा घ्या म्हणावं. येते मी."

शिपाई हसला, त्याला गंमत वाटली. मग रजिस्टर घेऊन तो सोप्याकडं वळला. अप्पा अजून सदस्य होतेच. अप्पांनी चष्मा मागितला. आतून उमादेवीला दिसत होतं, ते ओठ हलवत वाचत होते. शाळेतल्या मुलासारखं, शब्दावर बोट ठेवून. आपण सांगितलं आणि दुसऱ्यानं लिहिलं, असंच ज्यांचं वीस वर्षं चाललं होतं, त्यांना लिहिलेलं वाचायची वेळच आली नव्हती.

"विरोध लिही," ते म्हणाले.

"कुठं लिहू अप्पा? विरोधाला रकानाच न्हाई ह्याच्यात."

"रेघ मार आन् रकाना कर."

विषय क्र. १ : टँकरच्या पाण्याची जागा ठरविणे.

सभेला अप्पा पायी गेले. दहा पावलं मागून उमादेवी. ऊन भाजत होतं. वाटेत ते एकदाही मागं वळले नाहीत.

व्यंकटीनं उलटा ठराव मांडला, पाणी वस्तीच्या हौदात सोडावं, तिथून सगळ्यांनी भरावं. निवृत्तीनं हात वर करायला सांगितले, बेफिकीरपणे, आपली माणसं मोजलेली होती. व्यंकटीचा हात वर गेला. उमादेवीचा गेला. मग अप्पांचा. त्यांना वस्तीची कळकळ आली होती असं नाही. निवृत्तीची जिरवायची होती, ते त्यांच्या जबड्यावर दिसत होतं. वीरभद्रनं अप्पांकडं बघून हात वर केला. अप्पांनी आभाळाकडं बोट दाखवलं असतं तरी त्यानं केला असता. चार. दगडोबानं निवृत्तीकडं बघितलं, मग अप्पांकडं, आणि पोराच्या अर्जाचा विचार करून गळ्यात नसलेला हात हळूहळू वर नेला.

पाच.

निवृत्तीचा चेहरा उतरला. शाळेच्या खिडकीतून पंचशीलानं सगळं बघितलं. ती हसली नाही. तिनं मागं वळून बायकांना एवढंच सांगितलं, घागरी घ्या.

उमादेवीला तिथंच बाकावर बसावंसं वाटलं. त्या पाच हातांत स्वच्छ म्हणावा असा एखादा तरी होता का, तिचाही होता का, हे ती शोधत राहिली. ती त्या संध्याकाळी खिडकीत थांबली होती, आणि त्याची किंमत दगडोबाच्या गळ्यात बांधलेली समोर बसली होती.

संध्याकाळी टँकर हौदापाशी लागला. पाण्याचा आवाज वाड्यापर्यंत आला नाही. तेवढं ते दूर होतं.

अप्पा जेवायला बसले. ताट नीलम्मानं वाढलं. उमादेवी चुलीपाशी होती, भाकरी टाकत. तिनं टाकलेली भाकरी सासूच्या हातानं ताटात जात होती, हे अप्पांना माहीत होतं, ते दोघींनाही माहीत होतं. ते खाली बघून जेवले. हात धुतला. उठताना थांबले, आणि चुलीकडं न बघता नीलम्माला म्हणाले,

"पुढची सभा कवा हाय, इचार तिला."